मुंगी न लागणारा केक

नतेते, मसाका रोड
मंगळवार, दुपार (लाईट आहे)

माझ्या बापाची बहीण, म्हणजे पायघोळ गोमेसी नेसलेला माझा दुसरा बापच, अशा आदरणीय आत्यांना,

मुगेर्वाचा गुडघे टेकून नमस्कार. (पुरुषांनी गुडघे टेकायचे नसतात, ठाऊक आहे. पत्र शेवटपर्यंत वाचलंत की का टेकले ते कळेल.) तिकडचं कसं काय? रात्र कशी गेली? केळी कशी आहेत, कोंबड्या कशा आहेत, तो लंगडा बोकड अजून चर्चमध्ये शिरतो का? कामाला शाबास, घर सांभाळताय त्याला शाबास, गुडघा दुखत असून टेकडी चढता त्याला तर फारच शाबास. आम्ही इथे आहोत, बसलोय, श्वास घेतोय.

खरं सांगायचं तर हे पत्र लिहायचं मी इतकं टाळलं, की ज्या वहीतला कागद फाडणार होतो ती वही मधल्या मधे रद्दीत गेली. पहिल्यांदा बसलो तेव्हा पेन चालेना. पेन आणायला निघालो तर बाजाराच्या उकिरड्यावर दोन टकले करकोचे एका माशाच्या डोक्यावरून भांडत होते, आणि कोण जिंकतंय ते कळल्याशिवाय निघून जाणं मला बरं दिसेना. (तिसराच जिंकला.) नंतर पेन मिळालं पण काय लिहायचं ते गेलं. तुम्ही म्हणाल फोन का नाही केला. आत्या, तुमचा फोन घरात जो जवळ असेल तो उचलतो आणि लगेच स्पीकरवर लावतो. मागे मी फक्त पोट बिघडलंय एवढं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या गावच्या पाद्रीबाबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, पोटाचं नाव घेऊन. आज जे लिहायचंय ते पाद्रीबाबांच्या कामाचं नाही.

जुबाहून आल्यापासून मी इथे रांगेतल्या एका खोलीत राहतो. (तिथला मोबाइलची कव्हरं विकायचा धंदा का बसला ते वेगळं पत्र आहे, त्यात एक बकरीही आहे.) माझ्या भिंतीला भिंत लावून झावेदे राहते. दिवसा औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, आणि संध्याकाळी व रविवारी हौस म्हणून केक करते. नुसते भाजत नाही, सजवते. बारशाला पाळणा, पदवीला टोपी, फुटबॉलवेड्या नवऱ्याला बूट, असे साखरेचे. मी आलो त्याच आठवड्यात तिने भिंतीवर लाकडी चमचा वाजवला. मला वाटलं माझ्या रेडिओचा त्रास होतोय. दारात गेलो तर म्हणाली, "रेडिओ राहू दे, हात आण." तिचा दंड भरून आला होता आणि लोणी-साखर अजून पिवळीच होती. आत्या, लोणी आणि साखर फेटणं ही दिसते तशी साधी गोष्ट नाही. ती पांढरी होईपर्यंत, फुलून ढगासारखी होईपर्यंत थांबता येत नाही. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत केली नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगता. (स्पीकरवरून मलाही ऐकू येतं.) पण ते भांडं मी शेवटपर्यंत फेटलं. झावेदेने बोटाने चाटून बघितलं आणि म्हणाली, "हा हात कुठे होता इतके दिवस?" जुबात होता, हे मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून चमचा वाजला की मी हजर. सुखाचे दिवस होते.

मग काजुबी आला. बँकेत नोकरीला आहे. आईच्या वाढदिवसाचा केक घ्यायला आला आणि बघतो तर काय, त्यालाही हीच हौस! दोघं उंबऱ्यात उभं राहून आयसिंगवर बोलत राहिले, मधे मी अंड्यांचा ट्रे धरून. आता त्याचे दोष सांगतो. त्याचा एप्रन पांढरा आहे आणि काम झाल्यावरही पांढराच असतो. त्यावर छातीशी त्याचं नाव विणलेलं आहे, जणू विसरेल. केक भाजून झाला की तो गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी केकवर ठेवतो आणि बुडबुडा मधोमध आला की मान हलवतो. साखरेचा गुलाब करताना तो श्वास धरतो आणि झावेदेही धरते. (मी मुद्दाम जोरात घेतो.) स्वतःची भांडी स्वतः घासतो, वर माझीही घासतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस चांगला आहे. मला चहा पाजतो, "मित्रा, तुझ्या हाताला ताकद आहे," म्हणतो. तो जरा तरी वाईट असता तर माझे किती कष्ट वाचले असते!

पण तोपर्यंत माझं स्थान शाबूत होतं, कारण फेटायला मीच. ते त्याने मिक्सर आणून संपवलं. लालभडक, मोठा, मानेसकट खाली वाकणारा, एखाद्या सरदारासारखा. भेट म्हणून दिला. बटण दाबलं की तो स्वतःच गुणगुणत फेटतो आणि त्याला रोलेक्स लागत नाही. (अंड्याची पोळी चपातीत गुंडाळून मिळते ती. फेटून झाल्यावर झावेदे मला एक द्यायची. तीही गेली.) आत्या, माणसाचा मत्सर मी याआधीही केलाय, शेजाऱ्याच्या भाड्याच्या मोटरसायकलचा, बोडाचा केलाय, एकदा एका कोंबड्याचाही केलाय. पण यंत्राचा मत्सर फार एकटा पाडतो. त्याला टोमणा मारता येत नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचं गुणगुणणं ऐकत मी पडून राहायचो आणि देवाकडे एकच मागायचो, लाईट जाऊ दे. देव दयाळू आहे, आणि इथली लाईटही. अंधार झाला रे झाला की भिंतीवर चमचा टकटक करायचा. रांगेतले सगळे शिव्या घालत मेणबत्त्या शोधायचे आणि मी बाह्या सरसावत निघायचो. पण माणसाने किती दिवस लाईट जाण्यावर जगायचं?

आता लग्नाकडे येतो. झावेदेच्या थोरल्या बहिणीचं लग्न. केक अर्थातच झावेदेने करायचा. आपल्याकडे एका केकने भागतं थोडंच? सगळ्या स्टँडांवर वेगवेगळे केक, एक नवऱ्याच्या आईबापांना, एक नवरीच्या, एक चर्चला, एक करवल्यांना, आणि सगळ्यात मानाचा नवरीच्या आत्याला. ही आत्या म्हणजे तुमच्या शेजारच्या नालोंगो. हो, त्याच. बहिणीची आत्या ती झावेदेचीही आत्या, आणि पोरीला मागायला कोण येऊ शकतं नि कोणाला बाहेरूनच पाणी देऊन वाटेला लावायचं हे आत्याच्या दारात ठरतं, हे तुम्हाला मी काय सांगू! तर नालोंगोंच्या स्टँडवरचा केक झावेदेने सजवायला दिला काजुबीला. आणि मला दिला मधल्या उंच खांबावरचा, आधीच पांढऱ्या आयसिंगने मढवलेला. म्हणाली, "हा तू सजव, हवं ते काढ. पण हा नुसता उभा राहणार हां, कुणाला द्यायचा नाही."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला काही नाही झालं. लक्ष कुठे असतं तुझं? नीट ऐक, मी सांगते का ते."

आणि ती सांगू लागली. तेवढ्यात बाहेर रोलेक्सवाल्याचा तवा वाजला. मला मत्सराने भूक लागते. परत आलो तेव्हा तिचं सांगून झालं होतं आणि मी "हो हो, कळलं" म्हटलं. मग जीव ओतून झेंड्यावरचा तुरेवाला क्रौंच काढला, पाय उचललेला. काजुबी जवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "मित्रा, कोंबडी झकास आलीय. टोपी कशाला घातलीस तिला?" थट्टा नव्हती हो. त्याला खरंच आवडली होती.

लग्नाच्या दिवशी बागेत मांडव, वारा सुटलेला, मी केक उचलून लावायच्या कामावर. माझा केक उचलला तर असा जड! मला भरून आलं. मनुका आणि सुकामेवा ठासून भरल्याशिवाय केक इतका जड होत नाही. म्हणजे झावेदेने सगळ्यात श्रीमंत केक माझ्या हाती दिला, आणि तोच कुणाला द्यायचा नाही? आणि तिकडे काजुबीचे गुलाब नालोंगोंच्या मांडीवर बसून गावाला जाणार? आत्या, पुढचं मी केलं असं म्हणण्यापेक्षा माझ्या हातांनी केलं असं म्हणू. गुलाब खांबावर गेले, क्रौंच नालोंगोंच्या स्टँडवर आला. झावेदे तेव्हा नवरीचं गोमेसी सारखं करत होती, आणि केक देतानाही तिच्या मागे वाकून तेच करत होती. मग नवरीने गुडघे टेकून माझा केक आत्याच्या हातात दिला, बायकांनी उलुलुलु केलं, आणि नालोंगो वजनाने जराशा वाकल्या पण हसल्या. मी लाउडस्पीकरच्या मागे उभा राहून रडलो. (काजुबीचा केक स्पीकरवाल्यांनी आणि मांडव सोडणाऱ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला. म्हणे उत्तम होता. मी विचारलं नव्हतं.)

त्यानंतर तुमचा फोन आला. तुम्ही सांगितलंत की नालोंगोंनी तो केक अजून कापलेला नाही, टीव्हीवर विणलेल्या रुमालावर ठेवलाय, आणि नवल म्हणजे त्याला मुंगी लागत नाही. गावातली माणसं बघायला येतात. पाद्रीबाबा येऊन गेले. नालोंगो सगळ्यांना सांगतात की माझ्या भाचीच्या हाताला देवाचा स्पर्श झालाय. आणि येत्या शनिवारी बँकेतला मुलगा झावेदेसाठी रीतसर भेटायला यायचाय, तेव्हा त्याच्यासमोर कापणार. त्यावर मी फोन कानाशी धरून खोलीला तीन फेऱ्या मारल्या आणि तुम्ही "हॅलो, मेला का हा?" असं विचारलंत. मेलो नव्हतो. रेंज होती.

असो. मुद्दा असा की तुमची आठवण येऊन मी तुमच्यासाठी एक केक केलाय, सोबत पाठवतोय. झावेदेला कळू नये म्हणून माझ्याच खोलीत केला, कोळशाच्या सिगिरीवर, पातेल्यात वाळू घालून वर डबा ठेवून आणि झाकणावर निखारे. पहिल्या केकात वाळू गेली. दुसरा लावून अंडी आणायला गेलो (अंडी आधी घालायची असतात हे मला मान्य आहे) आणि वाटेत एकाचा बोडा चिखलात रुतला होता, तो बाहेर काढला, मग त्याने मला चक्कर मारून आणली, एन्टेबेपर्यंत. आलो तेव्हा खोलीतून धूर येत होता आणि रांगेतले लोक माझी गादी बाहेर काढत होते. तिसरा जमला. तुमच्या आजीच्या काळी बायकांना अंडं खायची बंदी होती, याच्यात किती अंडी गेली ते त्यांच्या आत्म्याला कळू देऊ नका. वर तोच तुरेवाला क्रौंच काढलाय. गंमत म्हणजे या खेपेला तो हुबेहूब क्रौंच आला. त्यामुळे पुसून परत कोंबडीसारखा काढावा लागला. असं का, ते विचारू नका. तुमच्या गावच्या कावूयाची टॅक्सी दुपारी परत तिकडे जाताना इथे थांबेल, त्याच्या हाती पत्र नि खोका देतो. मजेत खा, माझी आठवण काढा.

तुमचाच भटका भाचा,
मुगेर्वा

ता. क. आत्या, केकला हात लावला असेल तर तिथेच थांबा. सुरी खाली ठेवा. तो केक तुमच्यासाठी नाही. नालोंगोंच्या टीव्हीवर आहे तो थर्माकोल आहे. वरून आयसिंग, आत थर्माकोल, आणि बागेतल्या वाऱ्याने उडू नये म्हणून तळाला फरशीचा तुकडा चिकटवलेला. मधला उंच केक सगळेच असा लावतात, नुसता शोभेला, आणि पुढच्या लग्नाला धुऊन पुन्हा वापरतात. रोलेक्स आणायला गेलो तेव्हा झावेदे हेच सांगत होती. मला कळलं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, ती "माझा थर्माकोल कुठे गेला?" म्हणून मांडववाल्यांशी भांडत होती तेव्हा. मी तिच्याबरोबर शोधला. खुर्च्यांखालीसुद्धा बघितलं.

ता. क. २. तेव्हा काम असं. शनिवारच्या आत नालोंगोंकडे जायचं, गुडघ्याला लावायचं तेल मागायला म्हणून जा, त्या तेल आणायला आत गेल्या की हा केक रुमालावर आणि तो पिशवीत. कोंबडी मी अगदी तशीच काढलीय, टोपीसकट. पिशवी जड होईल, फरशी आहे. पाद्रीबाबा वाटेत भेटले तर थांबू नका. आणि हो, यानंतर मुंग्या येतील. आल्या तर तुम्हीच आधी म्हणा की दृष्ट लागली.

ता. क. ३. मी फार भला आहे असं समजू नका. आधी मी ठरवलं होतं की काहीच करायचं नाही. शनिवारी काजुबी पांढराशुभ्र शर्ट घालून चटईवर बसेल, आत्याच्या स्टँडवरचा केक त्याचा हे सगळ्यांना माहीत, नालोंगो सुरी घालतील आणि सुरी कर्रर्र करत अडकेल. आत्या, मी हे मनात इतक्यांदा बघितलंय की त्यातल्या शेजाऱ्यांचे कपडेही पाठ झालेत. मी तिथे नसतानाही तिथे हसत असतो. पण दरवेळी शेवटी नालोंगो काजुबीकडे बघतच नाहीत. झावेदेकडे बघतात. केक कुणीही सजवला तरी नाव तिचं. सगळ्या गोतासमोर आत्याला थर्माकोल चारला म्हटल्यावर तिला पुन्हा कोण बारशाचा पाळणा करायला सांगेल? तो लाल मिक्सर बंद पडावा असं मला रोज वाटतं, पण अशा कारणाने नाही. म्हणून केक केला. बँकवाला येऊ दे, बसू दे, माझा केक खाऊन झावेदेला मागू दे. मी आपला लाईट जायची वाट बघेन.

ता. क. ४. आत्या, घोटाळा झालाय. कावूयाचा हॉर्न वाजला म्हणून खोका उचलून बाहेर गेलो, तर त्याच टॅक्सीतून, गोमेसीचे खांदे ताठ करून, मांडीवरचं चादरीत बांधलेलं गाठोडं सांभाळत नालोंगो उतरल्या! मला म्हणाल्या, "पोरा, झावेदेची खोली कुठली?" मी बोट दाखवलं. खोक्यासकट. टॅक्सी इथून पुढे शहरात जाऊन मग परत फिरेल, तेवढ्यात हे लिहितोय. भिंतीला कान लावून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे.

नालोंगो म्हणतायत, "माझ्या घरात मुंगी मिठाच्या डब्यातसुद्धा शिरते, आणि तुझ्या केकाकडे ढुंकून बघत नाही? मी काय काल जन्मले? मुंग्यांनी मला केव्हाच सांगितलं."

"मग अगं आत्या, टीव्हीवर कशाला ठेवलास? पाद्रीबाबांना कशाला दाखवलास?"

"कोंबडी आवडली म्हणून. ही कोणी काढली? बँकवाल्याने नव्हे. असली कोंबडी काढून त्याला रात्री झोप लागली नसती. शनिवारी तो यायच्या आधी मला हा कोंबडीवाला बघायचाय. आणि चहा ठेव. खराखुरा केक असला तर त्याच्याबरोबर."

तेव्हा आत्या, केक येत नाही. नुसतं पत्र येतंय. खोक्याची दोरी मी सोडतोय. तुम्ही मात्र या. उद्याच या, चांगलं गोमेसी नेसून या. मुलाच्या बाजूने बोलायला कुणी मोठं माणूस लागतं, आणि माझं तुमच्याशिवाय आहे कोण? येताना टोळ तळून आणलेत तर

भिंतीवर चमचा वाजतोय.

आत्या, वर बघितलं. बल्ब लागलेला आहे.